आमच्या गच्चीवरचा वारा

वाऱ्याच्या खुणेला बाण म्हणणाऱ्या माणसाशी मी शक्यतो बोलत नाही. बाण कुठे चाललाय ते दाखवतो. हवामानाच्या नकाशावर वाऱ्याची जी काठी असते, ती वारा आला कुठून ते दाखवते. एका टोकाला टिंब, म्हणजे वारा मोजणारं केंद्र. वारा ज्या दिशेने येतोय त्या दिशेला टिंबापासून काठी निघते आणि तिच्या बाहेरच्या टोकाला पिसं असतात. पूर्ण पीस म्हणजे दहा नॉट वेग, अर्धं म्हणजे पाच, पन्नास झाले की त्रिकोणी झेंडी. वारा पडलेला असेल तर काठी नाही, पिसं नाहीत, टिंबाभोवती नुसता एक गोल. यात न कळण्यासारखं काय आहे? तरी आमचा शेजारी, जो वेल्डर आहे, इतकी वर्षं त्याला बाणच म्हणतो. मुद्दाम म्हणतो.

मी नोकरीभर या काठ्याच काढल्या. हवामान कार्यालयाच्या नकाशाघरात मी आरेखक होतो. बारीक निबाची लेखणी, काळी शाई, आणि रोज सकाळी केंद्राकेंद्रांवरून आलेले आकडे. माझी पिसं कधी एकसारखी आली नाहीत हे मी आधीच सांगून टाकतो. बायको म्हणायची, "तुमच्या पिसांना थंडी वाजते वाटतं." आता त्याच खोलीत माझी मुलगी बसते. तिच्या हातात लेखणी नाही. ती सॉफ्टवेअरला सूचना लिहून ठेवते, सकाळी आकडे आत जातात, आणि अख्ख्या किनाऱ्याच्या काठ्या पडद्यावर उभ्या राहतात, पिसं सगळी एका मापाची. मी आयुष्यात काढू शकलो नाही इतकी सुरेख. घरात तिला आम्ही चिंगी म्हणतो. कार्यालयात तिला मॅडम म्हणतात, आणि ते फोनवर मागून ऐकू आलं की मला अजून हसू फुटतं.

नोकरीला लागली तेव्हा पहिला नकाशा तिने घरी करून आम्हाला दाखवला होता. बघतो तर काय, भर दुपारी सगळ्या किनाऱ्यावर वारा जमिनीवरून समुद्राकडे निघालेला. मी म्हटलं, "चिंगे, समुद्र आटला की काय?" झालं होतं असं, की त्या सॉफ्टवेअरला वारा कुठून आला ते समजत नाही. त्याला वारा कुठे जातोय ते सांगावं लागतं, मग ते स्वतः उलटा हिशेब करून काठी काढतं. आकडे देताना मधे एक ऋणचिन्ह घालायचं असतं, तेवढं ही विसरली होती. एका चिन्हापायी सगळ्या किनाऱ्याचा वारा पाठमोरा. तिची आई तर हसता हसता खाली बसली. चिंगी आधी रागावली, मग तीही हसली. त्या दिवसासारखे आम्ही तिघं पुन्हा फारसे हसलो नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं इथे, समुद्राकाठच्या या छोट्या गावात राहायला आलो. कार्यालयाला या बाजूला एक केंद्र हवंच होतं. त्यांनी आमच्या गच्चीवर लोखंडी खांब उभा केला. त्याच्या टोकाला वेग मोजणाऱ्या वाट्या आणि दिशा दाखवणारी शेपूट. पुस्तकात तिला वातकुक्कुट म्हणतात, पण आमच्याकडे कोंबडा नाही, नुसती शेपूटच आहे. तिथून वायर खाली खोलीत येते आणि टेबलावरच्या तबकडीची सुई हलते. सकाळी सुई बघायची, आकडा फोनवरून पाठवायचा, एवढंच काम. पगार नाही. वर्षाला एक छापील आभारपत्र येतं, त्यावर माझं आडनाव दर वर्षी वेगळ्या तऱ्हेने चुकवलेलं असतं.

थोड्या वेळाने नकाशा कार्यालयाच्या वेबसाइटवर येतो. चिंगीने दिलेल्या टॅबलेटवर मी तो उघडतो. आमचं केंद्र अगदी कडेला, एका छोट्या भूशिराच्या टोकावर. बाकी जगात कुठे काय वारा सुटलाय याची मला काही पडलेली नसते, मी आधी आमची काठी शोधतो. ती तिने काढलेली असते. सकाळी मी तिला काहीतरी दिलं, तिने ते घेतलं आणि जागेवर ठेवलं. गेले कितीतरी महिने बापलेकीत खरं बोलणं असं तेवढंच उरलं होतं.

तो सगळा माझ्या तोंडाचा प्रताप. बायको गेली आणि दिवसपाणी उरकल्यावर चिंगी म्हणाली, "बाबा, आता इथे एकटे राहू नका. माझ्याकडे चला. तुमची खोली तयार आहे." मला काय वाटत होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. या घरात तिच्या आईचा चष्मा खिडकीत होता, तिच्या हातची मोगऱ्याची कुंडी जिन्यावर होती, आणि ते सोडून मला निघवत नव्हतं. पण तसं बोलायला जीभ उचलेना. मी म्हटलं, "मी आलो तर इथल्या वाऱ्याचं कोण बघणार?"

चिंगी म्हणाली, "म्हणजे तुम्हाला मुलगी नको, वारा हवाय. बरं." बॅग उचलून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा तिचा फोन यायचा. गोळ्या घेता का? घेतो. झोप लागते का? लागते. आणि मग दोघांकडेही बोलायला काही नाही, म्हणून फोन बंद.

मला ती हवी होती. लपवण्यात काय अर्थ आहे? दाराशी रिक्षा थांबली तरी माझे कान टवकारायचे. पण "ये" म्हणायचं तर आधी "चुकलो" म्हणायला हवं होतं, आणि नोकरीत असतानाही चुकीच्या काठीवर मी दुसरी काठी काढायचो, खोडरबर वापरायचो नाही. स्वभावाला औषध कुठून आणायचं?

मग एका संध्याकाळी वादळ आलं. फार मोठं नव्हतं, पण आडवंतिडवं होतं. शेजारच्या वेल्डरच्या दुकानाचा पत्रा उडून आमच्या अंगणात आला आणि खांब बराच वेळ खडखडत राहिला. सकाळी उठून पाहतो तर दोरीवर वाळत घातलेला टॉवेल डोंगराच्या बाजूला फडफडतोय, म्हणजे वारा चांगला समुद्रावरून. आणि तबकडीची सुई सांगत होती की वारा डोंगरावरून. खांबाच्या टोकाची पकड सैल होऊन शेपटीखालचं डोकं अर्धा फेरा फिरलं होतं. शेपूट बरोबर होती, तिच्या खालची उत्तर चुकली होती.

पूर्वी असं झालं असतं तर मी चहासुद्धा न घेता वर चढलो असतो. त्या दिवशीही पाना हातात घेऊन गच्चीवर गेलो आणि खांबाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिथेच डोक्यात किडा वळवळला.

नकाशाघरात एखाद्या केंद्राची काठी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विरुद्ध उभी राहिली की ती डोळ्यांत खुपते. दहा केंद्रांचा वारा समुद्रावरून आणि मधल्याच एकाचा डोंगरावरून, असं होतच नाही. लगेच त्या केंद्राला फोन जायचा, आणि फोनवर भागलं नाही तर दुरुस्तीला माणूस जायचा. आता या किनाऱ्यावरच्या केंद्रांची दुरुस्ती चिंगीच्या विभागाकडेच होती. ती स्वतः जायची, कमरेला पट्टा बांधून, हत्यारांची पिशवी घेऊन. दुसऱ्या केंद्रांवरचे तिचे असे फोटो मी पाहिले होते.

मी पाय खाली घेतला. घरात आलो आणि तबकडीने जे सांगितलं ते जसंच्या तसं पाठवून दिलं. खोटं काही पाठवलं नाही. उपकरण दाखवेल ते कळवावं, असा नियमच आहे.

वेल्डर आपला पत्रा न्यायला आला होता. त्याने वर बघितलं, टॉवेलकडे बघितलं, आणि म्हणाला, "काका, तुमचा बाण फिरलाय. शिडी लावतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावायचा नाही. सरकारी उपकरण आहे. परवानगी लागते."

"मघाशी पाना घेऊन तुम्ही काय परवानगी काढायला गेला होतात?"

मी त्याला म्हटलं, तू तुझा पत्रा बघ. तो हसत गेला. हा माणूस फार बघतो.

त्या सकाळी मी वेळेआधीच टॅबलेट उघडून बसलो. नकाशा आला. मी आमची काठी शोधली आणि तोंडात मारल्यासारखा बसलो. काठी सरळ होती. समुद्रावरून, दोन पूर्ण पिसं, डावीउजवीकडच्या केंद्रांशी कशी हातात हात घालून. मी पाठवलेला संदेश पुन्हा वाचला. मी तर डोंगर लिहिलं होतं.

म्हटलं, झाली असेल काही गडबड. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुईचा आकडा पाठवला, पुन्हा काठी सरळ. तिसऱ्या दिवशी तेच. मी इकडून उलटं पाठवत होतो, तिकडे सुलटं उमटत होतं. फोन काही वाजला नाही.

मग मला वाईट वाटायला लागलं. आधी नुसता वैताग होता, पण हळूहळू ते मनात खोल उतरत गेलं. म्हटलं, ही आता बघतच नाही. सॉफ्टवेअर शेजारच्या केंद्रांवरून अंदाज बांधत असेल आणि माझी काठी आपली आपण भरत असेल. मी आकडा पाठवला काय, न पाठवला काय, काठी यायचीच. मग मी इतके दिवस रोज सकाळी कुणाला काय देत होतो? ज्या काठीकडे बघून माझा दिवस सुरू व्हायचा, तिला चिंगीचा हातही लागत नव्हता तर. दोन दिवस मी जेवलो नाही असं नाही, पण जेवणात लक्ष नव्हतं.

आठवड्याचा फोन आला तेव्हा मी जीव मुठीत धरून बसलो होतो. आता तरी विचारेल.

"बाबा, गोळ्या?"

"घेतो."

"गच्चीवर वगैरे फार जाऊ नका हं. वादळानंतर सगळं निसरडं असतं."

"नाही जात."

"खांबावर तर अजिबात चढू नका."

"कशाला चढू? काही झालंय का खांबाला?"

"नाही, काही नाही. असंच." मीही म्हटलं, काही नाही. आम्ही दोघांनी मूग गिळले आणि फोन ठेवला.

वेल्डर रोज कुंपणावरून चौकशी करायचा, "आली का परवानगी?" एकदा म्हणाला, "काका, हल्ली कॉम्प्युटर सगळं आपोआप सरळ करतो. तुम्ही उलटे निघालात तरी तो तुम्हाला सरळच धरणार." बोलला तो गमतीने, पण माझ्या डोक्यात काहीतरी हललं. आपोआप सरळ करतो म्हणजे नेमकं काय करतो? शेजाऱ्यांचं बघून भरतो, की माझंच घेऊन उलटवतो? या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं असेल तर मी नसल्यातच जमा. दुसरं असेल तर ते आपोआप होणार नाही, कुणीतरी माझं केंद्र निवडून बसलेलं असणार.

हे तपासणं सोपं होतं. उपकरणाबद्दल शंका असेल तर डोळ्यांनी बघून अंदाजाने वारा कळवावा, असाही एक नियम आहे. तो मला इतके दिवस सोयीस्करपणे आठवला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तबकडीवर रुमाल टाकला, गच्चीवर जाऊन तोंडावर वारा घेतला, टॉवेल बघितला, लाटांची फेसाळ टोकं बघितली, आणि खरा वारा पाठवला. समुद्रावरून, पंधरा नॉट.

नकाशा आला. सगळ्या किनाऱ्याच्या काठ्या समुद्राकडे, आणि भूशिराच्या टोकावर आमची एकटी डोंगराकडे तोंड करून उभी. एक पूर्ण पीस, एक अर्धं. वेग माझाच होता, पंधरा. म्हणजे आकडा माझाच घेतला होता, शेजाऱ्यांचा नाही. फक्त दिशा उलटवली होती.

मी टॅबलेट मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून होतो. कुणीतरी त्या एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये माझ्या एका केंद्रासाठी वेगळी ओळ लिहिली होती आणि तिच्यात ऋणचिन्ह घातलं होतं. ते कुणी घातलं हे सांगायला वेल्डर नको होता. तिने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. ती रोज बघत होती. आणि सांगत नव्हती.

आनंद व्हावा की संताप, हे माझं मलाच कळेना. दोन्ही झालं.

दुपारी फोन वाजला. आठवड्याचा वार नव्हता. चिंगी दबक्या आवाजात बोलत होती, मागे जिन्यावरून कुणीतरी उतरल्यासारखा आवाज येत होता.

"बाबा, खरं सांगा. खांबावर चढलात ना? डोकं फिरवून सरळ केलंत ना?"

"नाही."

"मग आज वारा बरोबर कसा आला?"

"टॉवेलावरून."

"काय?"

"टॉवेल बघून पाठवला. नियमात बसतं ते."

ती म्हणाली, "साहेबांनी नकाशा बघितला. एकच काठी उलटी का म्हणून विचारलं. मग प्रोग्रॅम उघडला आणि त्यांना माझी ओळ दिसली. बाबा, मला खूप बोलले ते. बरोबरच बोलले. केंद्राचा वारा असा गुपचूप फिरवायचा नसतो, हे मला काय माहीत नाही?"

"मग फिरवलास कशाला? मला सांगायचंस ना, की बाबा, तुमचा वारा उलटा येतोय!"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" तिचा दबका आवाज सुटला. "फोन ठेवायच्या आत तुम्ही वर असता! तो गंजका खांब, तुमचे गुडघे, आणि खाली धरायला कोण आहे? आई होती तेव्हा ती निदान खाली उभी राहून ओरडायची तरी. मला रोज सकाळी तुमची ती उलटी काठी दिसायची, आणि डोळ्यांसमोर तुम्ही त्या खांबावर दिसायचात. मी रजा मागितली होती. रजा मिळाली की स्वतः येऊन नीट करणार होते. तोपर्यंत तुम्हाला कळू नये म्हणून फिरवत होते."

मी पाण्याचा पेला शोधायला लागलो, तो समोरच होता.

"मी चढलो नाही, चिंगे," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. पाना घेऊन वर गेलो आणि परत आलो."

"का?"

"काठी उलटी दिसली की तू फोन करशील. म्हटलं, तूच दुरुस्तीला येशील."

मला वाटलं फोन तुटला. मग ती नाक ओढत म्हणाली, "तुम्ही नुसतं 'ये' म्हणायला काय झालं होतं हो?" आणि कुणीतरी "मॅडम" म्हणून हाक मारली, तशी तिने फोन ठेवला.

तपासणी होईपर्यंत आमचं केंद्र नकाशावरून काढून टाकलं. भूशिराच्या टोकावर टिंबसुद्धा नाही. सकाळी सवयीने उठून तबकडीपाशी जायचो आणि पाठवायचं कुणाला हे आठवून परत यायचो. बायको गेल्यावर घर रिकामं झालं होतं, पण सकाळ रिकामी झाली नव्हती. आता तीही झाली.

मग तपासणीचं पत्र आलं आणि पत्रामागोमाग ती आली. सकाळच्या बसने, हत्यारांची पिशवी घेऊन, साहेबांच्या सहीचा आदेश खिशात. संध्याकाळच्या बसने परत जायचं होतं, तेही तिने दारातच सांगून टाकलं. वाळली होती. मी म्हटलं, वाळलीस. ती म्हणाली, तुम्हीपण. तिने खिडकीतला आईचा चष्मा उचलला, ओढणीने पुसला, आणि होता तिथे ठेवला. मी चहा केला. साखर जास्त पडली, तिने बोलून दाखवलं नाही. वेल्डर कुंपणावरून ओरडला, "आली का हो शेवटी परवानगी?" चिंगीने विचारलं, कसली परवानगी? मी म्हटलं, त्याला पत्रा लागलाय डोक्याला.

दुपारी वारा जरा पडल्यावर ती पट्टा बांधून खांबावर चढली. हे काम दोघांचं असतं. गच्चीवरून उत्तरेला बरोबर पाण्याची टाकी दिसते. वरच्या माणसाने शेपटीचं पुढचं टोक टाकीकडे धरून ठेवायचं आणि शेपटीखालचं डोकं हळूहळू फिरवायचं. खालच्या माणसाने तबकडीची सुई बघायची आणि ती उत्तरेवर आली की सांगायचं. मी खोलीत तबकडीसमोर उभा राहिलो. खिडकी उघडी होती. ती मला दिसत नव्हती, तिचा आवाज तेवढा वरून येत होता.

"कुठे आहे सुई?"

"दक्षिणेला. फिरव."

सुई सरकायला लागली. ती दिसत नव्हती म्हणूनच बहुधा मला बोलता आलं. मी खिडकीशी तोंड नेऊन म्हटलं, "चिंगे, त्या वेळी मी वाऱ्याचं म्हटलं ते खोटं होतं. तुझ्या आईचं घर सोडवत नव्हतं. मला तू हवी होतीस. अजून हवी आहेस. मी चुकलो."

सुई थांबली. बऱ्याच वेळाने पुन्हा हलायला लागली.

"आता कुठे आहे?"

"पश्चिम गेली. अजून जरा."

सुई उत्तरेवर आली. अगदी बरोबर रेघेवर. मी ती येताना पाहिली. ही पकड घट्ट केली की ती खाली येणार, हात धुणार, पिशवी भरणार, आणि संध्याकाळची बस. नोकरीभर मी चुकीचा आकडा कधी तोंडातून काढला नव्हता.

"अजून जरा," मी म्हटलं.

सुई पुढे गेली. पूर्व आली, दक्षिण आली. "अजून जरा." पुन्हा पश्चिम.

"बाबा," वरून आवाज आला, "एक अख्खा फेरा झाला."

"वायर ताणली असेल, म्हणून सुई हळू येते."

"असेल," ती म्हणाली. आणि तिने पुन्हा फिरवायला घेतलं, आधीपेक्षाही सावकाश.

पण केंद्र तिच्या नावावर तपासलं जाणार होतं, आणि तिला एकदा बोलणी खावी लागली होती ती माझ्यापायीच. सुई दुसऱ्यांदा उत्तरेवर आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, उघडले, आणि म्हटलं, "झालं. थांब. बरोबर उत्तर."

"घट्ट करू?"

"कर."

पाना लागल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही. मी कान देऊन उभा होतो. वर ती होती, खांबाला धरून, पट्ट्यात, हे मला कळत होतं, पण काहीच हलत नव्हतं.

"बाबा," चिंगी म्हणाली, "नीट बघितलंत ना? नाहीतर परत एकदा बघा. मला घाई नाही."

मी खुर्ची ओढली आणि तबकडीसमोर बसलो.